ठिणगीने चढवलेला मजला

ठिणगीचं खरं नाव शाळेच्या दाखल्यावर आहे, आणि तो दाखला सातवीचा आहे. त्यानंतर त्या नावाची कुणाला गरजच पडली नाही. सहा वर्षांची असताना ती वडिलांच्या वेल्डिंगच्या शेडमध्ये नको तिथे जाऊन उभी राहिली. फ्रॉकवर ठिणगी उडाली, वाटाण्याएवढं भोक पडलं. रडायचं सोडून तिने विचारलं, "आणखी एक पाडता?" त्या दिवसापासून वडील तिला ठिणगी म्हणायला लागले. आता ती सत्तावन्न वर्षांची आहे, गुडघे कुरकुरतात, चष्म्याची काच जाड झाली आहे, पण नाव तेच राहिलं.

गावातली शाळा तेव्हा सातवीलाच संपायची. आठवीसाठी दोन बस बदलून जावं लागे. मुलगे जात, मुली घरी बसत. ठिणगीचा थोरला भाऊ गेला. ठिणगीने दप्तर खुंटीला टांगलं आणि शेडमध्ये हातात खडू घेतला. लोखंडावर खुणा करायचा जाड पांढरा खडू: कुठे कापायचं, कुठे भोक पाडायचं, कोणती बाजू वर. अक्षर मोत्यासारखं, म्हणून वडील कारागिरांना सांगायचे, "खुणा हिलाच करू द्या." तिला त्या कौतुकाने बरं वाटायचं. पण शाळेवरून जाताना ती मान दुसरीकडे वळवायची, हेही तितकंच खरं.

वडिलांमागे शेड तिच्याकडे आली. नवरा मिळाला तो शिंपी. अबोल माणूस, पण मोजकंच बोलला तरी नेमकं बोलणारा. "आमच्या घरात दोघंही टाकेच घालतो," तो म्हणायचा, "फक्त माझ्या टाक्याने कुणाचे डोळे दिपत नाहीत." तीस वर्षं ठिणगीने खिडक्यांच्या जाळ्या केल्या, फाटकं केली, पाण्याच्या टाक्यांचे स्टँड केले, गच्चीवर जाणारे गोल जिने केले. गावातलं एक घर असं नव्हतं, जिथे तिच्या हातचं काहीतरी नव्हतं. आणि तरी गावाच्या लेखी ती जाळीवालीच. घर बांधतो तो दादा. ठिणगी त्याला कड्या-कोयंडे लावते, असा हिशेब होता.

हा दादा म्हणजे तिचा तोच थोरला भाऊ. वडिलांच्या लोखंडाला नाक मुरडून तो विटा-सिमेंटच्या धंद्यात गेला आणि चांगला ठेकेदार झाला. गाव त्याला काँक्रीटदादा म्हणतं आणि त्याला ते आवडतं. माणूस मनाने वाईट नाही, पण बहिणीचा विषय निघाला की जीभ सुटायची. "लोखंड काय, आज उभं, उद्या भंगारात." ठिणगी म्हणायची, "पोलाद म्हण, दादा. आणि तुझ्या घरातली चौथी पायरी आधी सरळ कर." यावर तो विषय बदलायचा. कारण गावभर घरं बांधणाऱ्या दादाच्या स्वतःच्या घरात जिन्याची चौथी पायरी इतरांपेक्षा दोन बोटं उंच झाली होती. ओतताना चुकली ती चुकलीच. वीस वर्षं पाहुणे तिथे अडखळतात आणि दादाची बायको वीस वर्षं ओरडते, "जपून, चौथी."

तर एका दुपारी शाळेच्या मोठ्या बाई शेडमध्ये आल्या. स्टुलावरची धूळ न पुसताच बसल्या, तेव्हाच ठिणगीने ओळखलं की काम गंभीर आहे.

"आठवी मंजूर झाली," बाई म्हणाल्या.

ठिणगीच्या हातातला खडू तिथेच थांबला.

"दोन शिक्षकही मिळतायत. अट एकच. सुट्टीनंतर शाळा उघडेल त्या दिवशी दोन खोल्या तयार पाहिजेत. नसल्या तर मंजुरी दुसऱ्या गावाला जाईल. यंदा सातवीत एकतीस मुलं आहेत, त्यात एकोणीस मुली. मुलगे जातील कुठेतरी. मुलींचं काय होतं ते तुला मी सांगायला नको."

"दादा काय म्हणाला?"

"म्हणाला, जुन्या भिंती वरचा मजला पेलणार नाहीत. सगळं पाडून नव्याने बांधावं लागेल. दोन वर्षं."

दादा खोटं बोलला नव्हता. शाळेच्या भिंती जुन्या चुन्यातल्या, त्यांच्यावर विटांचा मजला चढवणं म्हणजे म्हाताऱ्याच्या खांद्यावर हत्ती. बाजूला जागा म्हणावी तर एका अंगाला रस्ता, दुसऱ्या अंगाला विहीर. ठिणगी उठली. तिने तिथेच फरशीवर खडूने एक चौकोन काढला. त्याच्या दोन्ही बाजूंना, जरा बाहेर, पाच-पाच ठिपके दिले. समोरासमोरचे ठिपके रेघांनी जोडले.

"भिंतींना हातच लावायचा नाही," ती म्हणाली. "खांब बाहेरून उभे करायचे. या खांबापासून त्या खांबापर्यंत एकच तुळई, मध्ये टेकू नाही. जुनं छत खाली, नवा मजला त्याच्यावर वीतभर अधांतरी. पोलाद आहे बाई, त्याला एवढं अंतर काहीच नाही. आणि शाळा चालू असताना सगळे भाग इथे शेडमध्ये बनतील. सुट्टीत फक्त जोडायचे."

"आणि एवढं गणित कोण मांडणार?"

"आहे की घरचीच," ठिणगी म्हणाली.

घरची म्हणजे दादाची मुलगी. भाची इमारतींची इंजिनियर झाली होती आणि बापाच्या नाकावर टिच्चून आत्याच्या शेडमध्ये जास्त रमायची. तिने आठ दिवसांत आराखडे काढले, आकडे तपासून घेतले, आणि प्रकरण शाळेच्या समितीपुढे आलं.

समितीत सात माणसं आणि सत्तर शंका. पत्र्याचं खोकं होईल. भट्टीसारखं तापेल. गंजेल. वाऱ्याने हलेल. भाचीने एकेक उत्तर दिलं. तापू नये म्हणून छताच्या दोन पत्र्यांमध्ये जाड अस्तर. आगीपासून वाचवणारा लेप. गंज लागू नये म्हणून रंग, आणि हो, तो ठरावीक वर्षांनी पुन्हा द्यावाच लागेल, त्यात लपवण्यासारखं काही नाही. माणसं माना डोलवत होती, पण पटल्याचं एकाच्याही चेहऱ्यावर दिसत नव्हतं. तेव्हा ठिणगीने पिशवीतून एक पोलादी पट्टी काढली. तीन बोटं रुंद, करंगळीएवढी जाड. दोन बाकांच्या मध्ये आडवी टाकली आणि म्हणाली, "बाई, यावर उभ्या राहा."

मोठ्या बाई अंगाने नावाप्रमाणेच होत्या. त्यांनी एकवार समितीकडे पाहिलं, चपला काढल्या आणि कुणाचा तरी हात धरून चढल्या. "माझाच हात धरला होता," असं आजही चार जण तरी सांगतात. पट्टी अर्धं बोट खाली गेली. बाई उतरल्या. पट्टी पुन्हा सरळ.

"वीट एवढ्या रुंदीची असती तर एव्हाना दोन तुकडे असते," ठिणगी म्हणाली. "हे आधी वाकतं. जास्त भार पडला तर वाकलेलं दिसतं, माणसाला पळायला वेळ देतं. न सांगता दगा देणारं हे नाही."

मंजुरी मिळाली. खांबांच्या पायासाठी काँक्रीट लागणार होतं, आणि गावात ते दादाइतकं चांगलं कुणी ओतत नाही. मुलगी मागे लागली म्हणून तो आला. तोंड कडू करून, पण काम चोख करून गेला. शाळा चालू असतानाच भिंतींबाहेर दहा खड्डे घेतले, पाये भरले, खांब बसवायचे बोल्ट सुताच्या ओळीत उभे केले. जाताना म्हणाला, "पाय माझे आहेत. वरचं कोसळलं तर माझं नाव घ्यायचं नाही."

शेडमध्ये ठिणगीचा एक नियम होता, वडिलांपासूनचा. कुठलीही वस्तू जागेवर जाण्याआधी अंगणात एकदा पूर्ण जुळवून बघायची. फाटक असो, जिना असो. वडील म्हणायचे, "आधी अंगणात लग्न, मग घरात नांदणं." मजल्याच्या पाच चौकटी होत्या. चौकट म्हणजे दोन खांब आणि त्यांना जोडणाऱ्या आडव्या तुळया. एक खांब उंच, एक ठेंगणा, कारण छताचा उतार एकाच बाजूला होता. एका चौकटीतून दुसरीकडे जाणाऱ्या जोडतुळया बसवायला खांबांना भोकं पाडलेल्या छोट्या पट्ट्या वेल्ड केल्या होत्या. कारागीर त्यांना कान म्हणतात. चार चौकटी अंगणात एकमेकींना जुळवून झाल्या. भोकाला भोक लागलं, बोल्ट हाताने आत गेले. राहिली पाचवी.

नेमका तेव्हाच दादा डोकावला. अंगणभर पसरलेल्या लोखंडाकडे बघून हसला. "हे खेळातलं घर किती वेळा मांडणार आहेस? आम्ही एकदा बांधतो आणि विसरतो."

ठिणगीला ते झोंबलं. दुसऱ्या कुणी म्हटलं असतं तर तिने कानामागे टाकलं असतं, पण भावाचं बोलणं तिला नेहमीच लागायचं. "चार जुळल्या, पाचवी काय वेगळी निघणार आहे," ती कारागिरांना म्हणाली, "रंग द्या तिला." चव्वेचाळीस वर्षांत पहिल्यांदा एक वस्तू अंगणातल्या लग्नाशिवाय बाहेर पडली.

सुट्टी लागली. तिसऱ्या दिवशी क्रेन आली. ती त्या एका दिवसापुरतीच मिळाली होती. संध्याकाळी तिला दुसऱ्या कामावर जायचं होतं आणि पुन्हा यायला पंधरा दिवस लागणार होते. सकाळी सात वाजता पहिली चौकट उठली. आठला दुसरी. दोन उभ्या राहिल्या की लगेच मध्ये जोडतुळया, बोल्ट आवळले, पुढे चला. रस्त्यावर अर्धं गाव जमलं. कालपर्यंत जिथे नुसतं आकाश होतं तिथे दुपारी बारापर्यंत मजल्याचा सांगाडा दिसायला लागला. खालच्या भिंतीवरचा एक पोपडासुद्धा उडाला नाही. लोक बघत होते आणि ठिणगी लोकांकडे बघत होती. असा दिवस तिने कधी पाहिला नव्हता.

पाचवी चौकट उभी राहिली. क्रेनच्या साखळीत धरलेली, पायात बोल्ट आवळलेले. जोडतुळई घेऊन वर चढलेला कारागीर मध्येच थांबला.

"मावशी, हिचे कान कुठं आहेत?"

ठिणगीने वर पाहिलं. कान होते. चारही होते. पण सगळे रस्त्याच्या बाजूला. पाचवी चौकट शेवटची, तिचे कान आत, चौथ्या चौकटीकडे हवे होते. ठिणगीने खुणा करताना कानांच्या जागा दाखवणारा फर्मा न उलटताच ठेवला होता. चौकट शाळेकडे पाठ करून उभी होती. फिरवून लावावी तर उंच खांब ठेंगण्याच्या जागी जाणार आणि छताचा उतार उलटा होणार. अंगणात जुळवली असती तर पाच मिनिटांत लक्षात आलं असतं.

ती दगडावर बसली. भाची धावत आली.

"आत्या, जोडतुळया लागल्याशिवाय मी ही चौकट शाळेच्या डोक्यावर ठेवणार नाही. दोरांच्या भरवशावर तर नाहीच. क्रेन जाते सहाला."

"म्हणजे उतरवायची."

"उतरवली तर पंधरा दिवस गेले. मग पुढचं काही वेळेत बसत नाही."

काही बसत नाही म्हणजे खोल्या नाहीत, म्हणजे आठवी नाही. एकोणीस मुली. ठिणगीला त्या मोजाव्या लागल्या नाहीत. त्यांच्यातल्या निम्म्या तिथेच कुंपणाला टेकून उभ्या होत्या.

दादा गर्दीत होता. तो पुढे आला, वर बघितलं, सगळं समजलं. बोलला तो ठिणगीचा नवरा. जेवणाचा डबा घेऊन आला होता, तो हातात तसाच धरून त्याने मान वर केली, डोळे बारीक केले.

"दोन्ही बाह्या डाव्या शिवल्यास," तो म्हणाला.

"आता टोमणे मारायची वेळ आहे का?"

"टोमणा कसला. माझ्याकडून तर महिन्याला होतं. उसवायचं आणि पुन्हा शिवायचं. तुझं काही दगडात कोरलेलं नाही."

ठिणगीने त्याच्याकडे पाहिलं. मग घड्याळाकडे पाहिलं. एक वाजला होता. तिने पदर खोचला.

"शेडमधल्या उरलेल्या पट्टीतून चार नवे कान कापा. भोकं पहिल्या चौकटीच्या मापाने. ग्राइंडर वर चढवा. माझा मुखवटा आणा."

"मावशी, तुम्ही नका चढू, मी करतो," कारागीर म्हणाला.

"चूक माझी आहे, टाकाही माझाच पडणार."

ती चढली. गुडघ्यांनी प्रत्येक पायरीला कुरकुर केली, तिने ऐकलं नाही. कारागिराने रस्त्याकडचे कान कापून काढले, जागा घासून गुळगुळीत केली. आतल्या बाजूला ठिणगीने स्वतः खडूने खूण केली, दोनदा मापली, आणि या वेळी जोडतुळई प्रत्यक्ष क्रेनच्या दुसऱ्या दोरावर वर आणून टेकवून बघितली. तिथेच, हवेत, वीस फुटांवर अंगणातलं लग्न लावलं. मग मुखवटा खाली ओढला. निळा उजेड पेटला आणि शाळेच्या डोक्यावरून ठिणग्यांचा सडा पडायला लागला. खाली बायांनी पोरांचे डोळे झाकले, स्वतःचे मात्र बोटांच्या फटीतून उघडेच ठेवले.

एक कान. दुसरा. उंच खांबावरचा तिसरा घालायला तिला झुलत्या फळीवर ओणवं व्हावं लागलं. चौथा संपला तेव्हा पावणेपाच झाले होते. भाचीने प्रत्येक टाक्यावर लाल रंग लावला, थांबली, पुसला, वर पांढरी पूड मारली. टाक्यात केसाएवढी जरी चीर असती तरी पांढऱ्यात लाल रेघ उमटली असती. पूड पांढरीच राहिली, चारही ठिकाणी.

जोडतुळया वर गेल्या. भोकाला भोक लागलं. शेवटचा बोल्ट आवळून ठिणगीने पान्यानेच खांबावर एक ठोका दिला. खणखणीत आवाज रस्त्यापर्यंत गेला. सहाला दहा कमी असताना क्रेनची साखळी सुटली आणि पाचही चौकटी आपल्या पायांवर उभ्या राहिल्या.

ठिणगी खाली उतरली तेव्हा दादा जिन्याशी उभा होता. त्याने तिच्या हातातला मुखवटा घेतला.

"पाच तासांत," तो म्हणाला. "ठिणगे, माझी चौथी पायरी वीस वर्षं तशीच आहे."

"मग बदल ना."

"फोडावी लागेल. अख्खा जिना हादरेल." त्याने हातातला मुखवटा पाचव्या चौकटीकडे रोखला. "तुझी चूक एका दुपारीत सुटते आणि खूणही राहत नाही. माझी रोज तुझी वहिनी मोठ्याने वाचून दाखवते."

तो हसला, तीही हसली. दिवसभराचं ओझं त्या हसण्यात उतरलं.

पुढचं काम सरळ झालं. तुळयांवर घड्या पाडलेला पत्रा अंथरला, त्यावर चार बोटं जाडीचं काँक्रीट. ते ओतायला दादा स्वतः आला, न बोलावता, आणि त्याने असं सपाट ओतलं की गोटी ठेवली तर हलू नये. हलक्या भिंती लागल्या, खिडक्या लागल्या. जाळ्या अर्थातच ठिणगीच्या. भाचीने वाळूची पोती रचून दोन दिवस भार ठेवला, तुळया किती वाकल्या ते मोजलं, पोती काढल्यावर त्या पुन्हा सरळ झाल्या ते मोजलं. सुट्टीचे चार दिवस हातात राहिले. त्या चार दिवसांत समितीतले सातही जण एकेक करून येऊन आपल्याला आधीपासूनच खात्री होती असं सांगून गेले.

शाळा उघडली त्या सकाळी खात्याचे साहेब आले. खोल्या पाहिल्या, खालच्या जुन्या छतात आणि वरच्या मजल्यात जी फट होती तिच्यात वाकून बघितलं. दादाने त्यांना कोपरापर्यंत हात त्या फटीत घालून दाखवला. "बघा, कुठेच टेकलेलं नाही," तो सांगत होता, जसं काही सगळं त्याच्याच डोक्यातून निघालं होतं. "पोलाद आहे, साहेब. लोखंड नका म्हणू." साहेबांनी सही केली.

मग एकतीस मुलं नव्या जिन्याने वर गेली. पोलादी जिना पावलांनी दणाणला. ठिणगी खाली उभी राहून तो आवाज ऐकत होती. एकही पायरी उंच नव्हती, एकही पाय अडखळला नाही. डोळे भरून आले ते तिने लपवले नाहीत.

"वर ये," मोठ्या बाईंनी कठड्यावरून हाक मारली.

"माझं काय काम वर?"

"काम आहे."

वर्गात नवा फळा होता, अजून कोरा. मुलं उभी राहिली. बाईंनी फळ्याखालच्या पट्टीवरून खडू उचलला आणि तिच्या हातात दिला. "पहिली ओळ तू लिही."

चव्वेचाळीस वर्षं ठिणगीच्या हातात खडू होता. लोखंडावर लिहिलं, फरशीवर लिहिलं, हवेत लटकून खांबावर लिहिलं. फळ्यावर कधी लिहिलं नव्हतं. शाळेत असताना ते काम हुशार मुलांचं, आणि पुढे शाळाच नव्हती. हा खडू बारीक होता, तिच्या जाड बोटांत हरवल्यासारखा. तिने पदराने हात पुसला. वर डाव्या कोपऱ्यात, जिथे ती प्रत्येक भागाची खूण करायची तिथेच, मोत्यासारख्या अक्षरात लिहिलं: इयत्ता आठवी.

खालच्या बाजूला तिने तारीख घातली, आणि सवयीने वर बाण काढला, ही बाजू वर. मुलं हसली. ती मागे सरकली आणि पहिल्या बाकावर, एका मुलीशेजारी जागा होती तिथे बसली. बाईंनी हजेरीचं पुस्तक उघडलं. एकतीस नावं झाली. मग पुस्तकात न बघता त्यांनी आणखी एक नाव घेतलं, सातवीच्या दाखल्यावरचं, जे गावात कुणालाच आठवत नव्हतं.

"हजर," ठिणगी म्हणाली.